घोड्याचे मागचे पाय

भद्रावतीत मराठी शिकवायला लागले त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यातली चोवीस वर्षं गॅदरिंगला मी नाटक बसवलं. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरचं हे गाव, रेल्वेच्या पाटीवर अजून ‘भांदक’ असंच लिहिलेलं. माझ्या वर्गात आयुध निर्माणीतल्या कामगारांची मुलं असतात, कोळसा खाणीतल्यांची असतात, कापूस-सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांची असतात. एका बाकावर तेलुगू बोलणाऱ्या घरातला, शेजारी हिंदीतला, मागे गोंडी ऐकत वाढलेला, आणि उरलेल्यांची मराठीही एकसारखी नाही. अशा वर्गात कितीतरी मुलं जूनपासून एप्रिलपर्यंत हजेरीला मान हलवण्यापलीकडे काही बोलत नाहीत. त्यांना आपल्याकडे ‘भेदरट’ म्हणून मोकळे होतात. त्यातली काही पुढे धीट झालेली मी पाहिली. कशानं झाली, याबद्दल मला जे कळलं ते इथे लिहिते. क्रम जसा आठवला तसा आहे.

१. पहिले आठ दिवस कुणालाही संवाद द्यायचा नाही.

वही हातात आली की मुलाची नजर वहीत जाते, मग नाटकाचा धडा होतो. म्हणून पहिल्या आठवड्यात आम्ही मैदानावर जातो. अर्धी मुलं कडुनिंबाखाली, अर्धी पाण्याच्या टाकीपाशी. एकानं दुसऱ्याला नावानं हाक मारायची. नंतर रागानं मारायची, नंतर आजारी माणसाला उठवावं तशी. आपला आवाज एवढ्या लांब जातो हे बऱ्याच मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

ही युक्ती मला पोळ्यानं शिकवली. आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या होतात. एकानं खड्या आवाजात झडती म्हणायची आणि शेवटाला सगळ्या गावानं गर्जना करायची. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल ओढत, वेष करून पोरं घरोघर जातात आणि मोठ्यांचं पाहून तीही झडत्या म्हणतात. माझ्या सहावीतला एक मुलगा फळ्यापाशी बोलावलं तरी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राही. त्याला मी तान्ह्या पोळ्याला चौकात, शंभर-दीडशे माणसांसमोर छाती काढून झडती म्हणताना ऐकलं. मी गर्दीत थांबूनच राहिले. आवाज त्याच्याकडे होताच. शाळेत तो काढावा असं काही आम्ही त्याला दिलं नव्हतं.

२. सगळ्यात मागे उभं राहणाऱ्याकडे नीट बघावं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या बऱ्याच समजुती इथे बदलल्या.

जैमिनीच्या अश्वमेधात एक गोष्ट आहे. धर्मराजाला यज्ञासाठी श्यामकर्ण घोडा हवा असतो, अंग पांढरं आणि कान काळे असा. तो असतो भद्रावतीच्या यौवनाश्व राजाकडे. भीम, कर्णाचा मुलगा वृषकेतू आणि घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण असे तिघे तो आणायला येतात. ती भद्रावती आमचीच, असं इथला लहान पोरगाही सांगतो. एका वर्षी या गोष्टीचं मी चाळीस मिनिटांचं नाटक लिहिलं. गावाचं नाव नाटकात येणार म्हटल्यावर पालकही तालमीला डोकावू लागले.

घोडा केला तो बांबूच्या कमच्यांचा. त्यावर पोत्याचं तरट, त्यावर जुनं धोतर आणि कानांना काजळ. आत दोन मुलं. पुढचे पाय व्हायला वर्गातला बोलका मुलगा लगेच तयार झाला. मागच्या पायांसाठी हात वर केला तो सातवीतल्या एका मुलानं. त्याचे वडील खाणीत कामाला, बहुतेक वेळा नाईट शिफ्ट. दिवसा ते झोपलेले, त्यामुळे घरात आवाज करायचा नाही ही मुलाच्या अंगात भिनलेली सवय. त्यानं मला एवढंच विचारलं, “तिथं कोणाले दिसत नाही ना जी?”

नाही दिसत, म्हटलं. आणि खरं सांगते, काहीतरी काम दिलं एवढ्यावर माझं समाधान झालं होतं.

मागच्या पायांचं काम असं असतं: वाकायचं, पुढच्याच्या कमरेला दोन्ही हातांनी धरायचं आणि डोळ्यांसमोर तरटाशिवाय काहीच नाही. पाय कधी उचलायचा ते कानानं आणि हातानं ओळखायचं. पहिले तीन दिवस घोडा दर चार पावलांवर कोसळत होता. चौथ्या दिवशी घोड्याच्या पोटातून आवाज आला, “हळू चाल ना बे, मले दिसत नाही.”

त्या मुलाच्या तोंडून मी मोठ्यानं ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

मग तो आतून मोजायला लागला. एक, दोन, एक, दोन. पुढचा बोलका मुलगा त्याच्या मोजण्यावर चालू लागला. तळ्यावर घोडा पाणी पितो असा प्रसंग होता. दोघंही एकदम खाली बसत आणि घोडा आजारी दिसे. मागच्यानं बाहेर येऊन मला सांगितलं, “मॅडम, यानं गुडघे टेकायचे, मी तसाच उभा राहतो. गाय पाणी पेते तशी.” ही दिग्दर्शनाची सूचना होती, आणि ती बरोबर होती.

प्रयोगाच्या दिवशी मेघवर्ण घोडा घेऊन निघाला तेव्हा पुढच्या मुलाचा पाय माईकच्या वायरीत अडकला आणि तो पडला. मागचा मुलगा आत ताठ उभा राहिला. सगळा सांगाडा त्यानं एकट्यानं खांद्यावर उचलून धरला, पुढचा उठेपर्यंत. लोकांना वाटलं घोडा उधळला. टाळ्या पडल्या. घोडा विंगेत आल्यावर तो बाहेर निघाला, तोंडाला तरटाचे तंतू चिकटलेले, खांद्यावर कमचीचा लाल वळ. त्यानं पहिल्यांदा पुढच्या मुलाचा गुडघा पाहिला. मला विचारलं ते त्यानंतर, “बरोबर झालं ना जी?”

त्याचं तोंड एकाही प्रेक्षकानं पाहिलेलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवसापासून तो हजेरीला ‘उपस्थित’ म्हणू लागला. त्याआधी माझा असा ठाम समज होता की उजेडात उभं राहिल्यानं आणि कौतुक झाल्यानं मूल धीट होतं. या मुलाला मिळालं ते वेगळंच होतं. दुसऱ्या कुणाचं तरी पाऊल त्याच्या मोजण्यावर पडत होतं.

३. घरची बोली स्टेजवर येऊ द्यावी.

त्याच नाटकात पहारेकऱ्याचं काम एका मुलीकडे होतं. नागभीडकडची, मामाकडे शिकायला आलेली. तिनं धावत येऊन राजाला घोड्याचं वर्णन सांगायचं होतं. ती म्हणाली, “कान कारे हायेत महाराज.” मी थांबवलं. “काळे म्हण.” पुन्हा ‘कारे’. पुन्हा थांबवलं. तिसऱ्या वेळी ती ‘काळे’ म्हणाली, अगदी स्पष्ट, आणि तिच्या धावण्यातला, बोलण्यातला जीव निघून गेला. दुसऱ्या दिवशी ती तालमीला आली नाही. मामी आली. “पोरगी म्हनते, माहं बोलनंच चुकते. मंग कायले जाऊ?”

त्या वाक्यानं मला रात्रभर झोप आली नाही. मी मराठीची शिक्षिका. नागभीडकडच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्या जागी ‘र’ येतो, आणि तो नियमानं येतो, हे मला माहीत होतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातलं, तेही माहीत होतं. वर्गातली इथली मुलं ‘डोया’ म्हणतात, ही मुलगी ‘डोरा’ म्हणते आणि पुस्तक ‘डोळा’ म्हणतं. तिन्हींनी दिसतं सारखंच. आणि यौवनाश्वाचे पहारेकरी इथल्याच खेड्यापाड्यातले असणार की!

मी तिच्या मामाच्या घरी गेले. नाटक बदललं. राजा पुस्तकी बोलेल, पहारेकरी आणि प्रजा आपापल्या घरचं बोलतील. प्रयोगाला ‘कारे कान’ आलं तेव्हा मागे सतरंजीवर बसलेल्या आज्या एकमेकींकडे बघून हसल्या, आपलं माणूस भेटल्यावर हसतात तशा. मुलीनं ते ऐकलं आणि पुढचं वाक्य तिनं दुप्पट आवाजात टाकलं. सहामाहीला शुद्धलेखनात ती ‘काऱे’, ‘कारे’ असं काहीबाही लिहायची. वार्षिकच्या पेपरात, मी काहीही न सांगता, ‘काळे’ लिहून आली. आपली बोली चूक नाही एवढं पटल्यावर पुस्तकाची भाषा शिकायला तिची हरकत उरली नव्हती.

४. विसरण्याचीही तालीम घ्यावी.

मुलाला गर्दीची भीती असते असं आपण म्हणतो. माझ्या अनुभवात भीती असते ती शांततेची. वाक्य विसरलं, सगळे बघताहेत आणि मदतीला कुणी नाही, त्या दोन क्षणांची. म्हणून शेवटच्या आठवड्यात एक दिवस मी मध्येच टाळी वाजवते. टाळी वाजली की बोलणाऱ्यानं गप्प व्हायचं, जणू विसरलाच, आणि बाकीच्यांनी नाटक पुढे न्यायचं. पहिल्यांदा गोंधळ उडतो. तिसऱ्या वेळेला प्रधान म्हणतो, “महाराज विचारात पडलेले दिसतात,” आणि गाडी चालू. त्यानंतर विसरण्याची धास्ती निम्म्यानं कमी होते.

आणि प्रॉम्प्टर मुलांतलाच हवा. वाचन चांगलं पण समोर यायला नको म्हणणारं एक तरी मूल दरवर्षी असतं. विंगेत वही घेऊन बसलेल्या त्या मुलाकडे सगळे नट कसे बघतात ते पाहण्यासारखं असतं.

५. आपल्या मुलांना नाटक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

मुंबईत सुधाताई करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढून बालरंगभूमी उभी केली, रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी जन्मभर नाटकं लिहिली, हे सगळं मोठंच काम. उतारवयात मतकरींनी ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ चालवला आणि मुलांना स्वतःचे विषय स्वतः मांडायला लावले. ते वाचून मीही मुलांकडून प्रसंग लिहून घ्यायला लागले. पण शिबिरांत कुणी म्हणतं की खेड्यातल्या मुलांपर्यंत नाटक पोहोचवायला हवं, तेव्हा मला उठून बोलावंसं वाटतं. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक असतंच. दहा-साडेदहाला पडदा उघडतो, पहाट व्हायला येते तेव्हा पडतो. वडशाला नाट्य कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि होळीपर्यंत त्यांना उसंत नसते. भद्रावती या झाडीपट्टीच्या पश्चिमेच्या काठावर, पण माझ्या निम्म्या वर्गाचं आजोळ ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे. ही मुलं आईच्या मांडीवर झोपता-उठता चार-चार अंकी नाटकं पाहून आलेली असतात.

त्यांनी तिथे काय पाहिलेलं असतं? गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ५,००० हून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका, अशी त्यांच्या कामाची नोंद. बातमी मी वर्गात वाचून दाखवली तेव्हा तीन मुलांनी आजोळच्या नाटकांच्या गोष्टी सांगायला हात वर केले. आणि कंपन्यांच्या जोडीला आहेत गावोगावची हौशी मंडळं. ज्या मामाला दिवसा धान चुरताना पाहिलं तोच रात्री राजा होऊन गातो, पेटी-तबला समोर बसलेला, शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवतो, आणि सकाळी पुन्हा खळ्यावर. आपल्यासारखा माणूस राजा होऊ शकतो हे त्या मुलाला कुणी समजावून द्यावं लागत नाही. आम्ही शाळेत एवढंच करायचं की त्यानं पाहिलेलं आहे हे मान्य करायचं. एकदा तालमीत चौथा अंक कसा रंगवतात यावर पाचवीतल्या मुलानं मला पंधरा मिनिटं सांगितलं. वर्गात त्याला ‘कच्चा’ म्हणत.

६. ढकलू नये.

एका मुलाला मी ढकललं आहे. आठवीतला, हुशार, आईवडिलांची फार इच्छा. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, एकदा स्टेजवर गेलास की भीती जाईल. पडदा उघडल्यावर तो रडायला लागला आणि त्याला आत आणावं लागलं. त्यानंतर दहावीपर्यंत तो गॅदरिंगच्या दिवशी शाळेत आला नाही. पोहता येईल म्हणून विहिरीत टाकण्यातला हा प्रकार. आता मी मुलाला विचारते, तुला कुठे उभं राहायला आवडेल? पडद्याची दोरी हेही काम आहे. तबला, खंजिरी, दिवे, मिशा चिकटवणं हीही कामं आहेत. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात बापाबरोबर बसणारी मुलं खंजिरीवर अशी काही थाप टाकतात की त्यांच्या हाती नाटकाचं सगळं संगीत सोपवावं.

७. वाजणाऱ्या गाण्यावर ओठ हलवून आवाज तयार होत नाही.

आजची गॅदरिंग बघते तेव्हा जीव तुटतो. साउंडवाला येतो, भिंत हादरेल असे स्पीकर लावतो, आणि एकामागून एक चौदा डान्स. नाच मला मनापासून आवडतो. आमच्या मुली रेला नाच धरतात तेव्हा हातात हात गुंफलेली ती ओळ, तोंडानं म्हटलेलं गाणं, पावलांचा एकच ठेका, हे पाहत राहावं. पण चौदा डान्सांच्या त्या तीन तासांत एकाही मुलाचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. पालक मोबाइल वर करून शूटिंग घेतात, मूल पायऱ्या उतरतं, संपलं. चौदातले दोन कमी करा आणि वीस मिनिटं मुलांना बोलू द्या, एवढं मागायला मी दरवर्षी जाते. कधी मिळतात, कधी नाही.

८. मुलींची तालीम उजेडात.

मुलगी नाटकात नको असं म्हणणाऱ्या बापांशी मी आधी वाद घालत असे. मग लक्षात आलं की बऱ्याचदा अडचण नाटकाची नसते, संध्याकाळची असते. डिसेंबरात साडेपाचला अंधारायला लागतं, खाणीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग, आणि अलीकडे पलीकडच्या शिवारात वाघ दिसल्याची बातमी तर नेहमीचीच. आम्ही तालीम दुपारच्या सुटीत आणि शेवटच्या तासाला घ्यायला लागलो. त्या वर्षी मुलींची संख्या चारवरून अकरावर गेली. त्यातल्या एकीनं भीम केला. गदा घेऊन ती आली तेव्हा तिचे वडील, जे सगळ्यात जास्त नको म्हणत होते, खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि प्रयोग संपेपर्यंत बसलेच नाहीत.

९. मुलांना एकदा वरोऱ्याला न्यावं.

वरोऱ्याचं आनंदवन आमच्यापासून जवळ. विकास आमटे यांनी २००२ मध्ये तिथे ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद सुरू केला. त्यात दृष्टी नसलेले गातात, ऐकू न येणारे नाचतात, कुष्ठरोगातून बरे झालेले वाजवतात. त्यांचा कार्यक्रम पाहून आल्यावर मी मुलांना निबंध लिहायला सांगितलं नाही. परत येताना बसमध्ये, पायात व्यंग असल्यामुळे कायम खिडकीपाशी बसणारी एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, “मॅडम, यावर्षी मी सूत्रधार करते. सूत्रधाराले फिरावं लागते ना?” हो, म्हटलं, सगळ्यात जास्त.

१०. धीटपणा दुसरीकडेच दिसतो.

माझ्या चोवीस नाटकांतून एकही नट घडला नाही. मी तो हिशेबही ठेवत नाही. ‘कारे कान’वाली मुलगी आता आशा सेविका आहे. गरोदर बायकांना त्यांच्याच बोलीत समजावते, आणि दवाखान्यात डॉक्टरांसमोर त्यांची बाजू पुस्तकी मराठीत मांडते. भीम झालेली बँकेत आहे. ज्याला मी ढकललं होतं तो कुठे आहे ते मला माहीत नाही, आणि ते डोक्यातून जात नाही.

घोड्याचे मागचे पाय आता खुल्या खाणीत डंपर चालवतात. सुरक्षा सप्ताहात कामगारांतर्फे दोन शब्द बोलायला त्यालाच उभं करतात, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. त्याची मुलगी यंदा आमच्याच शाळेत पाचवीत आली. डिसेंबरात तिला घ्यायला आला तेव्हा भांडारखोलीचं दार उघडं होतं. कपाटावर घोडा होता. अजून तोच, दोनदा धोतर बदललेला, एक कान उंदरांनी खाल्लेला. त्यानं तो खाली काढला, धूळ झटकली, कमच्या दाबून पाहिल्या.

“मॅडम, पोटातला बांबू बदलवा लागते. वजन पेलनार नाही याच्यानं.”

रविवारी तो बुरडाकडून ओल्या बांबूच्या कमच्या घेऊन आला. दोन तास व्हरांड्यात बसून सांगाडा बांधला, मुलीनं सुतळी धरली. पुढच्या पायांचं काम ज्याला दिलंय तो सातवीतला मुलगा तिथेच घुटमळत होता. बांधून झाल्यावर बापानं त्याला पुढे उभं केलं आणि स्वतः वाकून मागे शिरला. तो उंच, त्यामुळे घोड्याची पाठ भलतीच वर चढली. मुलगा तरातरा निघाला.

“हळू चाल ना बे,” तरटाच्या आतून आवाज आला. “एक... दोन...”